किरकोळ काम राहिलंय

भांड्यांच्या दुकानात साठीच्या पुढचा एखादा गृहस्थ खिशातून व्हर्निअर काढून पितळी डब्याच्या झाकणाचा व्यास मोजताना दिसला, दुकानदाराने "काका, वजनावर आहे, मापावर नाही" असं ऐकवल्यावरही तो जागचा हलला नाही, आणि शेवटी "नुसतं झाकण मिळेल का?" असं त्याने विचारलं, तर खुशाल समजावं की हा माणूस घरी रेल्वेचं इंजिन बनवतो. वाफेचं, आणि तेही नॅरोगेजचं. मोठ्या गेजची मॉडेलं जमवणारे लोक वेगळे. ते काचेचं कपाट करून घेतात, इंजिनाचं मूळ खोकं जपून ठेवतात आणि पाहुण्यांना किंमत सांगतात. नॅरोगेजवाल्याकडे कपाट असतं ते बायकोचं, आणि त्यात साड्यांच्या मागे तांब्याची नळी सापडते.

आमच्या सोसायटीतला हा नमुना तिसऱ्या मजल्यावर राहतो. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. "अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं" असं जो म्हणेल तो त्यांच्या लेखी संपला. मग तो डॉक्टर असो की जावई. निवृत्तीचे पैसे आल्यावर लोक चारधाम करतात, आप्पांनी एक जुना लेथ घेतला. तो लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार हमालांनी जिन्याने वर चढवला. तेव्हापासून मागच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांना पितळेचा कीस लागलेला असतो. काकू सण पाहून साडी निवडतात तेव्हा आधी ती झटकतात.

आप्पा मूळचे बार्शीचे. हे कळायला फार वेळ लागत नाही, कारण पहिल्या भेटीत चहा येईपर्यंत बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून सुटलेली असते. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती सुरू केली. रूळ अडीच फुटी. एका आसावर ५ टनांहून जास्त भार टाकायचा नाही हा त्याचा नियम, आणि तो पाळूनही मालगाडी दणकून ओढायची हा त्याचा हट्ट. म्हणून त्याने लीड्सच्या किटसन कंपनीकडून आठ जोडचाकांची आणि मागे चार लहान चाकांची इंजिनं करून घेतली. ती इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून चालवून पाहिली. पुढे गाडी १९०६ साली पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. एवढं होईस्तोवर चहा गार झालेला असतो. पण आप्पांना खरं सांगायचं असतं ते निराळंच: हा कॅलथ्रॉप पुढे पॅराशूट बनवायला लागला, अरबी घोडे पाळायला लागला. "बघ," आप्पा बोट उचलून सांगतात, "गेज लहान असलं की माणसाचं डोकं मोकळं राहतं."

या किटसनच्या इंजिनावर आप्पांचा जीव आहे आणि गंमत म्हणजे ते त्यांनी चालताना कधी पाहिलेलंच नाही. त्यांच्या लहानपणी गाडी ओढायला पुढच्या पिढीची इंजिनं आली होती. आषाढीला टपावर बसलेली माणसं, डोळ्यात जाणारी कोळशाची कुसळं आणि चढावर गाडी एवढी हळू व्हायची की मुलं उतरून पुन्हा चढायची, ही त्यांची स्वतःची आठवण. किटसनचं इंजिन त्यांना भेटलं ते एका जुन्या फोटोत. फोटोत इंजिनाची डावी बाजू दिसते. उजव्या बाजूला काय होतं, या प्रश्नावर आप्पांच्या आयुष्याची गेली अनेक वर्षं खर्ची पडली आहेत.

पण त्या इंजिनापर्यंत ते एकदम पोचले नाहीत. या माणसांचा प्रवास ठरलेला असतो. आधी ते दुसऱ्याचं इंजिन कापतात.

झालं असं की नातवाच्या वाढदिवसाला कुणीतरी विजेवर चालणारा रेल्वेचा सेट दिला. लहान रूळ, दोन डबे आणि एक देखणं हिरवं इंजिन. नातू खूश. आप्पा त्याच्याबरोबर जमिनीवर पालथे पडून गाडी बघत होते, म्हणून सगळं घर कौतुकाने त्यांच्याकडे बघत होतं. खरं तर आप्पा रूळ मोजत होते. साडेसोळा मिलिमीटर. बाजारातल्या या सर्वांत चालत्या मापात युरोपातली चार फूट साडेआठ इंचांची मोठी रेल्वे ८७ पटींनी लहान करून बसवलेली असते. आता हेच साडेसोळा मिलिमीटर रूळ तसेच ठेवायचे आणि वरचं इंजिन, डबे, ड्रायव्हर, स्टेशन सगळं ४८ व्या भागाचं करायचं. हिशेब केला तर खालचा रूळ आपोआप अडीच फुटांच्या जवळपास येतो. म्हणजे रुळाला हात न लावता मोठी लाइन नॅरोगेज होते! पाश्चात्त्य देशांत कितीतरी लोक हाच धंदा करतात: मोठ्या गेजच्या स्वस्त इंजिनाची मोटर आणि चाकं घ्यायची, वरचा सांगाडा भिरकावून द्यायचा आणि त्यावर आपल्या मनातलं ठेंगणं, रुंद, लांब धुराड्याचं इंजिन चढवायचं.

आप्पांनी त्या रात्री सांगाडा भिरकावला. सकाळी नातू उठला तर टेबलावर हिरव्या इंजिनाची कातडी एकीकडे, चाकं दुसरीकडे आणि आजोबा मधे प्लास्टिकचा पत्रा कापत बसलेले. मग जो आकांत झाला तो सुनेने दोन दिवस अबोला धरून पुढे चालू ठेवला. आप्पांना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही की बिघडलं काय. "अरे, चांगलं करून देतोय ना," ते म्हणत होते. "त्याचं इंजिन पाहिलंस का? कुठल्या देशाचं, कुठल्या लाइनचं, काही पत्ता नव्हता त्याला. याला आता गाव आहे!"

मला या वाक्यात त्यांचा सगळा स्वभाव दिसतो. भारतीय रेल्वेने १९९२ साली युनिगेज नावाचा कार्यक्रम काढला आणि लहान गेज उखडून मोठं टाकायला सुरुवात केली. कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज, लातूर, सगळीकडे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झालं. गाडी वेळेवर पोचायला लागली, मुंबईची थेट सोय झाली. आप्पा स्वतः त्याच गाडीने एसीत बसून गावी जातात आणि झोपही चांगली लागते असं सांगतात. तक्रार नाही. फक्त सरकार ज्या दिशेने कन्व्हर्जन करतं, त्याच्या उलट दिशेने ते घरी करतात.

पण विजेच्या मोटरवर त्यांचं मन रमेना. कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये ते गावाकडच्या प्रत्येक पाहुण्याला हौसेने घेऊन जातात. पाहुणे डोंगरातून, पुलावरून, दिव्यांच्या गावातून पळणाऱ्या गाड्या बघून हरखतात, आप्पाही टाळ्या वाजवतात आणि बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता म्हणतात, "उत्तम आहे. पण वास नाही." गरम पाणी, जळकं तेल आणि स्पिरिट यांचा मिळून जो वास येतो, तो नसेल तर त्यांच्या मते ते इंजिन नव्हे.

मग इंग्लंडातल्या भाच्याकडे मागणी गेली. भाच्याने जुन्या बाजारात पाहून ममॉड कंपनीचं वाफेचं छोटं इंजिन आणलं. ममॉड ही खेळण्यातली वाफेची यंत्रं करणारी जुनी कंपनी. १९८० च्या सुमाराला त्यांनी रेल्वेचं इंजिन काढलं. चार चाकं, पितळी बॉयलर, खाली इंधनाच्या पांढऱ्या वड्या पेटवायच्या. याचे सिलिंडर स्वतःच झुलतात आणि झुलताना वाफेचं भोक उघडतात, मिटतात, त्यामुळे व्हॉल्व्हची भानगड नाही. एकदा सुटलं की वड्या संपेपर्यंत थांबत नाही, कारण आवरायची सोयच बेताची. आप्पांनी ते खोक्यातून काढलं, एकदा पेटवलं, घड्याळ लावून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. आता याला सुधारू."

आधी वड्या काढून गॅसचा बर्नर बसवला. गॅसमुळे वाफेचा दाब वाढला म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला. वाफ जास्त मिळायला लागली म्हणून सिलिंडर बदलले. सिलिंडर जड झाले म्हणून चौकट बदलली. चौकट लांबली म्हणून चाकं बदलली. गॅसची ज्योत बॉयलरला सोसेना म्हणून तांब्याचा नवा बॉयलर आला. शेवटी मूळच्या इंजिनातली एक शिट्टी तेवढी उरली होती, ती आवाजाने फारच इंग्लिश वाटते म्हणून काढून टाकली.

"मग पहिल्यापासून नवंच का नाही केलंत?" काकूंनी विचारलं.

"नवं करणं वेगळं आणि कन्व्हर्जन वेगळं," आप्पा दुखावल्या आवाजात म्हणाले. मूळचे सगळे भाग एका बिस्किटाच्या डब्यात पडले होते. ते पुन्हा जोडून त्यांनी ममॉड भाच्याला परत पाठवलं, तेही नव्यासारखं. म्हणजे एका इंजिनाचं कन्व्हर्जन करून त्यांच्याकडे एक इंजिन जास्तीचं आलं. हा हिशेब काकूंना अजून पटलेला नाही.

आणि मग बार्शीच्या इंजिनाची वेळ आली आणि ४० मिलिमीटरचं दुखणं सुरू झालं.

हे दुखणं समजून घेतल्याशिवाय आप्पा समजत नाहीत. बागेतल्या वाफेच्या नॅरोगेजसाठी इंग्लंडात एक प्रमाण रूढ आहे: खऱ्या एका फुटाला १६ मिलिमीटर. म्हणजे साधारण एकोणिसावा भाग. दोन फुटी रेल्वेला ३२ मिलिमीटरचा रूळ लागतो आणि तो तयार मिळतो. दार्जिलिंग दोन फुटी, माथेरान दोन फुटी. त्यांची चैन आहे. दार्जिलिंगचं इंजिन तर परदेशातल्या कंपन्या तयार विकतात. दुसरा तयार रूळ मिळतो तो ४५ मिलिमीटरचा. बार्शी अडीच फुटी. अडीच गुणिले सोळा, बरोबर चाळीस. चाळीसचा रूळ दुकानात मिळत नाही, चाळीसची चाकं मिळत नाहीत. शहाण्या माणसाने अशा वेळी ४५ घ्यावा आणि गप्प बसावं. आप्पांना तसं सुचवून पाहा.

"पंचेचाळीस म्हणजे किती झाले? पावणेतीन फुटांच्या वर! खऱ्या रुळात जवळजवळ चार इंचांचा फरक. बार्शीची गाडी चार इंच फाकवून चालवू?" त्यांचा चेहरा असा होतो की विचारणाराच ओशाळतो.

म्हणून आप्पांनी स्वतःचा रूळ टाकला. गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांना वळसा घालून. स्लीपर सागवानी हवेत, तर घरातला आजोबांच्या वेळचा पलंग हळूहळू आखूड व्हायला लागला. आधी डोक्याकडची नक्षी गेली, मग बाजूच्या पट्ट्या. एकेका स्लीपरला दोन्ही बाजूंनी खिळे, दोन रुळांमध्ये ठेवायला स्वतः घासून केलेला चाळीस मिलिमीटरचा लोखंडी ठोकळा, आणि आप्पा मांडी घालून उन्हात. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी "गच्चीवरील अनधिकृत बांधकाम" असा विषय घेतला. आप्पांनी उभं राहून सांगितलं, की हे बांधकाम नाही, लाइन आहे, आणि लाइट रेल्वेला परवानगी सोपी असते. आठ जोडचाकांचं इंजिन, त्याला आखूड वळण घेता येत नाही, म्हणून लाइन पुढे कपडे वाळत घालायच्या तारांखालून न्यावी लागली. तिथं आता वेळापत्रक आहे: सकाळी दहापर्यंत कपडे, नंतर गाडी.

इंजिनाचं खरं काम बॉयलरचं. इथे मात्र आप्पांची थट्टा करवत नाही. साधारण ५० मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी, तिच्या दोन्ही टोकांना तांब्याची झाकणं. झाकणाची कड वळवून घ्यावी लागते, नुसती चकती लावून चालत नाही. त्यासाठी आप्पा कसबा पेठेत तांबट आळीत जायला लागले. तिथं पिढ्यान्‌पिढ्या बंब, घंगाळं, हंडे घडवणारे कारागीर आहेत. आप्पांनी त्यांच्यापुढे कागदावरचं ड्रॉइंग उलगडलं तेव्हा एका म्हाताऱ्या तांबटाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बंबच आहे ना हा? आडवा?" आप्पा म्हणाले, आहे. मग पुढचं सगळं सोपं झालं. चकती लाल होईपर्यंत तापवायची, पाण्यात बुडवायची, की तांबं कणकेसारखं मऊ होतं. मग लाकडी ठोकळ्यावर ठेवून कड ठोकत आणायची. दहावीस घाव झाले की तांबं पुन्हा ताठरतं, पुन्हा तापवायचं. त्या तांबटाचा हातोडा एका लयीत पडत होता आणि आप्पा शेजारी पाटावर बसून चक्क गप्प होते. आप्पांना गप्प बसलेलं पाहायचं असेल तर तेवढी एकच जागा.

डाख मात्र ते स्वतः देतात. साधा कथलाचा नाही, चांदीचा. तो वितळायला सहाशे-सातशे अंशांची उष्णता लागते, म्हणून गच्चीवर भट्टीच्या विटांचा आडोसा, दोन बाजूंनी दोन टॉर्च आणि सांध्यावर टाकणखार. टाकणखार आधी फुगतो, मग काचेसारखा पातळ होऊन पसरतो. नेमक्या त्या क्षणी डाखाची तार टेकवली की ती एकदम वितळून सगळ्या सांध्याभोवती पळत जाते, एक चकचकीत रेघ उमटते. ही रेघ पाहायला मी दोनदा मुद्दाम वर गेलो आहे. एक टॉर्च धरायचं काम तेव्हा माझ्याकडे असतं आणि "हलवू नकोस", "हलव की जरा" या दोन सूचना आप्पा एकाच वेळी देतात.

नंतर परीक्षा. चालवायचा दाब चौरस इंचाला ४० पौंड, परीक्षा दुप्पट, ८० पौंडांची. ती हवेने घ्यायची नाही. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, आत बुडबुडा ठेवायचा नाही आणि हातपंपाने दाब चढवायचा. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा फुटलाच तर नुसतं गळतं, स्फोट होत नाही. हे आप्पांनी काकूंना नीट समजावून सांगितलं आहे. काकू ऐकून घेतात आणि परीक्षेच्या दिवशी बहिणीकडे जातात.

आता इतकं सगळं झाल्यावर कुणालाही वाटेल की इंजिन होत आलं. आप्पांनाही तसंच वाटतं. गेली कित्येक वर्षं वाटतंय. "किरकोळ काम राहिलंय" हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि "गणपतीपर्यंत चालू करतो" ही ठरलेली तारीख. कुठल्या सालचा गणपती, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. किरकोळ कामात काय काय येतं? सिलिंडर येतात. व्हॉल्व्ह येतात. तेलाचा लुब्रिकेटर येतो, ज्यात वाफ शिरून तिचं पाणी होतं आणि ते पाणी तळाशी जाऊन तेलाला वर ढकलतं. आठही चाकं येतात, कारण पहिली आठ उतरवून ठेवली. त्यांच्या आऱ्या फोटोतल्यापेक्षा एकाने कमी निघाल्या. एक आरी! गच्चीवर, टाकीमागे, इंजिन धावताना ती आरी कुणाला दिसणार, असं मी म्हटलं. "मला," आप्पा म्हणाले.

खरं तर एकट्या आप्पांनाच नाही. रविवारी सकाळी त्यांच्यासारखे तीन-चार जण जमतात, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या आऱ्या मोजतो. त्यात एक माथेरानवाले आहेत. आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली सुरू केलेली ती लाइन त्यांना तोंडपाठ आहे, वीस फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि तिथल्या जर्मन इंजिनांना वळणावर वळता यावं म्हणून पोकळ आसाच्या आत दुसरा आस अशी योजना होती. ती योजना एकोणिसाव्या भागात जशीच्या तशी करायची असं या गृहस्थांनी मनावर घेतलं आहे. त्यांचं इंजिन पुढचा-मागचा आस सोडून पूर्ण झालेलं आहे आणि मधल्या दोन चाकांवर ते तोल सांभाळत शोकेसमध्ये उभं असतं. दुसरे विदर्भातले. ते १९९४ पर्यंत वाफेवर चाललेल्या शकुंतला रेल्वेचे. गेज अडीच फूट, त्यामुळे आप्पांचे ते सख्खे मित्रपक्ष. चाळीस मिलिमीटरच्या रुळाचा अर्धा खर्च त्यांनी उचलला. तिसरे फक्त विकत घेतात. त्यांच्याकडे पैसा आहे, परदेशी इंजिनं आहेत, ती चालतात, वेळेवर थांबतात. बाकीचे त्यांच्याशी अतिशय सौजन्याने वागतात आणि ते चहा आणायला उठले की एकमेकांकडे पाहतात.

एका रविवारी बार्शी लाइटच्या इंजिनाचा रंग कोणता, यावर इतकी खडाजंगी झाली की माथेरानवाले पोहे अर्धे टाकून उठले. हिरवा, काळा, तपकिरी, प्रत्येकाकडे पुरावा होता आणि प्रत्येक पुरावा कृष्णधवल होता. शेवटी काकू आतून म्हणाल्या, "काळाच असणार. धुराने." यावर सगळे थोडा वेळ विचारात पडले, कारण त्याच गाडीने प्रत्यक्ष बार्शीला सासरी आलेलं माणूस त्या खोलीत त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. पण पुरावा म्हणून ते धरलं गेलं नाही.

काकूंविषयी लिहायला हवं, कारण अशा माणसाशी संसार करणारं माणूस हाही एक प्रकारच असतो. देवघरातली घंटा त्या रोज पूजेनंतर उचलून आत ठेवतात. आप्पांनी एकदा ती हातात घेऊन "डोम म्हणून फार सुरेख आहे" असं म्हटल्यापासून. अत्तरदाणी, कुंकवाचा करंडा, निरांजन, तूप वाढायची वाटी, सगळ्यांची त्यांनी मनात यादी केलेली आहे. एक पितळी पंचपात्र मात्र गेलंच. ते आज स्मोकबॉक्सचं दार आहे. "पण माझं नाव कोरलेलं आहे त्यावर, आतल्या बाजूने," काकू सांगतात, आणि सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार किती आणि तोरा किती, हे मला ठरवता आलेलं नाही. मैत्रिणींपुढे त्या "ह्यांचं बॉयलर प्रकरण" म्हणतात. पण परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी "खेळणं झालं का पूर्ण?" असं विचारलं तेव्हा "ते खेळणं नाहीये" हे काकूच म्हणाल्या, आणि चांगल्या ठसक्यात म्हणाल्या.

तर गेल्या गणपतीत ते इंजिन चाललं.

कुणालाच खरं वाटेना. आरतीनंतर सगळी सोसायटी गच्चीवर. आप्पांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं आणि त्यावर टूलरूमचा निळा डगला. वाफेचं इंजिन लोकांसमोर चालवण्यात चालवणं अगदी थोडं असतं. आधी सांध्यांना तेल, मग लुब्रिकेटरमध्ये दाट स्टीम ऑइल, मग पिचकारीने उकळून गार केलेलं पाणी, मग गॅस. गॅस पेटला की ज्योत चिमणीतून न येता आत जाऊन घुमली पाहिजे, ती दोनदा बाहेरच पेटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग वाट पाहायची. "पाणी उकळेपर्यंत बसा," आप्पा म्हणाले, आणि लोक बसले, उठले, प्रसाद खाऊन आले, पुन्हा बसले. पाण्याला कुठं स्केल कळतं? इंजिन एकोणिसावा भाग झालं म्हणून पाणी काही १०० अंशांच्या आधी उकळत नाही. दाबाचा काटा शेवटी हलला. दहा. वीस. चाळीसवर सेफ्टी व्हॉल्व्ह फसफसला आणि लहान मुलं आयांच्या मागे गेली.

आप्पांनी रेग्युलेटर उघडला. इंजिनाने आधी चिमणीतून गरम पाणी आणि काळं तेल यांचा एक फवारा सोडला, कारण सिलिंडर थंड असले की आत वाफेचं पाणी साठतं. सेक्रेटरी पांढऱ्या झब्ब्यात अगदी पुढे उभे होते. आप्पांनी त्यांना तिथं उभं केलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या फवाऱ्यानंतर आवाज बदलला, चुफ, चुफ, चुफ, आणि आठही चाकं एकदम फिरली. बार्शीची गाडी टाकीला वळसा घालून कपड्यांच्या तारांखालून निघाली. मागे दोन डबे, एकात मोदक. तिच्यामागे मुलं, मुलांमागे डगला सावरत आप्पा, वाकून, कान इंजिनाला लावलेला. चालत्या गाडीकडे ते बघतच नव्हते. ठोके मोजत होते. एका फेरीत दोन ठोके लंगडे पडतात, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं.

त्या गर्दीत विदर्भवाल्यांनी आणलेले एक पाहुणे होते. कुर्डुवाडीच्या शेडमध्ये फायरमन म्हणून नोकरी केलेले, वय ऐंशीच्या पुढे, कानाने कमी. खुर्चीवर बसून ते सगळं पाहत होते. गाडी थांबल्यावर आप्पांनी इंजिन उचलून, फडक्यात धरून त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्याने ते फिरवून पाहिलं, बोटाने कॅबचं दार चाचपलं, आत डोकावलं, पुन्हा डोकावलं.

"कोळसा कुठून टाकायचा?" त्यांनी विचारलं.

"गॅस आहे आतमध्ये," आप्पा मोठ्याने म्हणाले.

"गॅस?"

"गॅस, काका. स्वयंपाकासारखा."

म्हाताऱ्याने इंजिन परत दिलं. "मग फायरमन काय करणार?" एवढंच ते म्हणाले आणि मोदक मागितला.

दसऱ्याच्या आत तो बॉयलर पुन्हा सुटा झालेला मी पाहिला. आतली गॅसची नळी काढून खरी फायरबॉक्स बसवायची, तिला जाळी, राखेचं तसराळं आणि नखाएवढं दार. कोळसा पेटवायला आधी रॉकेलमध्ये भिजवलेल्या लाकडी कोळशाचे तुकडे घालायचे आणि वाफ धरेपर्यंत चिमणीवर एक छोटा पंखा ठेवून हवा ओढायची. पंख्यासाठी सुनेचा बिघडलेला हेअर ड्रायर मिळालेला आहे. निदान आप्पांच्या मते तो बिघडलेला आहे. प्रश्न कोळशाच्या मापाचा होता, कारण एवढ्या भट्टीला तो मुगाहून मोठा आणि तांदळाहून बारीक चालत नाही, आणि हातोडीने फोडला की अर्धा भुगा होतो. तोही सुटला. आप्पा दुपारी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसतात आणि एकेक खडा कातरतात. कोळशाला अडकित्त्यासारखं दुसरं हत्यार नाही. काकू पान खातात, पण ते रात्री जेवणानंतर. तोपर्यंत तो धुऊन, पुसून, डब्यात परत गेलेला असतो. तुम्ही आमच्याकडे आलात तर हा विषय काढू नका.